राहून गेलेली औटकी

औटकी सोमवारी सुरू करायची, असे गुरुजींनी ठरवले होते.

तिसरीच्या वर्गाने त्या वर्षभरात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी असे अपूर्णांकांचे सहा पाढे कंठस्थ केले होते. सातवा तेवढा उरला होता. औट म्हणजे साडेतीन. ज्यातला चौथा अर्धाच आहे अशा संख्येला संस्कृतात अर्धचतुर्थ म्हणत. तो शब्द पिढ्यान्‌पिढ्यांच्या जिभेवर झिजत झिजत या दोन अक्षरांवर येऊन थांबला होता. गुरुजी त्या दोन अक्षरांना घरातल्या सर्वांत वृद्ध माणसासारखा मान देत. शाळा सुटण्यापूर्वी अर्धा तास सगळा वर्ग उभा राही, आणि पाढ्यांचा तो एकसुरी, भरदार नाद खिडक्यांतून बाहेर पडून शेतांवरून दूरपर्यंत जाई.

शनिवारी शाळा तपासणीचे साहेब आले. त्यांच्यामागून शिपायाने नव्या पुस्तकांचा गठ्ठा आणला.

"हा काय गोंगाट आहे?" साहेबांनी दारातच विचारले.

"पाढे, साहेब. अडीचकी चालू आहे."

साहेबांनी पुढच्या ओळीतल्या एका मुलीकडे बोट केले. ती विहिरी खोदणाऱ्या सुरुंगवाल्याची मुलगी; त्या घरातून शाळेची पायरी चढलेली पहिलीच.

"सहा अडीच किती?"

"पंधरा."

"का पंधरा?"

 असा प्रश्न तिला आजवर कोणीच विचारला नव्हता.

"बघितलंत, गुरुजी? पोपट आहेत हे. सोमवारपासून हे सगळं बंद. परिपत्रक आलंय. आता घोकंपट्टी नाही. मुलांना समजलं पाहिजे. फळा पुसा."

फडके सापडेना. गुरुजींनी सबंध फळा तळहाताने पुसला. पांढरी पूड त्यांच्या बाहीपर्यंत उतरली. मुले खाली मान घालून हसली. मग साहेबांनी स्वच्छ फळ्यावर एक सुरेख वर्तुळ काढले, त्यात तीन कोंबड्या काढल्या आणि म्हणाले, "हा कोंबड्यांचा संच."

साहेब दुष्ट नव्हते. मुलांना का ते कळावे, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. आणि खरे सांगायचे तर त्या मुलीला तो 'का' फार आवडला. घरी जाताना ती वाटभर दगडांना आणि झाडांना का, का, असे विचारीत गेली. गुरुजींनी भिंतीवरचा पाढ्यांचा छापील तक्ता उतरवला, गुंडाळी करून सुतळीने बांधला आणि कपाटावर सर्वांत मागे ठेवून दिला.

औटकी राहिली.

*

बारा वर्षांनी, पाऊस सलग दोनदा हुकल्यावरच्या उन्हाळ्यात, गावची विहीर तळाला लागली. पाण्याच्या जागी काळा, गुळगुळीत खडक उघडा पडला. त्याखाली झरा आहे, असे सुरुंगवाल्याचे म्हणणे होते. तो कान लावून सांगे, आणि त्याचे सहसा चुकत नसे.

त्याचे घर विहिरीपासून हाकेच्या अंतरावर होते. घरात चौघे. तो स्वतः, ज्याला मुले आबा म्हणत. दोन्ही डोळ्यांत पडदा आल्यामुळे तो दोन वर्षांपासून खाली उतरत नसे, काठावर बसून खडकाचा आवाज ऐकत असे. थोरला मुलगा खाली उतरून पहारीने भोके पाडी, त्यांत दारू ठाशी आणि वात पेटवून वर येई. आई काठावर बसून वाती कापी. आणि मुलगी. शिक्षणासाठी ती आठ वर्षे मावशीकडे तालुक्याच्या गावी राहिली होती आणि परीक्षा उत्तीर्ण होऊन नुकतीच परतली होती.

तिच्या नेमणुकीचे पत्र घरातल्या एकमेव पत्र्याच्या पेटीत होते. शाळा उघडेल त्या दिवशी, याच गावच्या शाळेत, शिक्षिका म्हणून रुजू व्हायचे. आबांनी ते पत्र तिच्याकडून तीनदा वाचून घेतले होते. शेवटच्या ओळीशी त्यांनी तिला तिन्ही वेळा थांबवले होते.

"ते परत वाच. चौकशीचं."

"'रुजू होईपर्यंत उमेदवाराचे नाव कोणत्याही गुन्ह्यात वा चौकशीत आलेले नसावे.' आबा, हे सगळ्यांनाच लिहितात."

"लिहू देत. किती दिवस राहिले?"

"बावीस."

"बावीस दिवस घरात बस. खड्ड्याकडे फिरकू नकोस."

"खड्ड्यातच जन्माला आली ती," भाऊ म्हणाला. तो दाराशी बसून गुडघ्याला तेल चोळत होता. आदल्या दिवशी विहिरीच्या भिंतीतल्या कडीवरून पाय निसटून तो भिंतीवर आदळला होता, आणि गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. "काय हो मास्तरीणबाई, त्या तुमच्या संचाचं काय? विहिरीवरचा मुकादम कुठल्या संचात बसतो?"

"कोंबड्यांच्या," मुलगी म्हणाली.

"आणि विहीर? पाण्याचा थेंब नाही आत."

"तो रिक्त संच."

"रिक्त तर रिक्त! आबा, ऐकलंत? आपण आयुष्यभर रिक्त संच खोदतोय, आणि हिला त्याचा पगार मिळणार."

आबा हसले. हसताना त्यांचे पुढचे दोन दात दिसत. बाकीचे एका सुरुंगाच्या ठिकरीने नेले होते.

ती घरात बसली नाही. भल्या पहाटे उठून आईबरोबर कपारीतले पाणी भरायला जाई, मग काठावर खडीच्या पाट्या ओतायला बसे. विहीर तीस हात खोल गेली होती. उतरायला भिंतीत लोखंडी कड्या ठोकलेल्या होत्या. दगडाची पूड घामात कालवून माणसांच्या अंगावर राखाडी कवच धरे. संध्याकाळी ते धुवायला पाणी नसे, म्हणून घरातली चौघेही खरबरीत हातांनी एकमेकांच्या पाठी नुसत्या झाडून काढीत. काठाशी रिकामी भांडी घेऊन बायका उन्हात बसून राहत. त्या काही बोलत नसत. सुरुंग उडाला की उठून आत डोकावत, आणि पुन्हा बसत.

सुरुंग उडायच्या वेळी आबा डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत. मुलगी ते लहानपणापासून पाहत आली होती. ती त्याला प्रार्थना समजे.

ती प्रार्थना नव्हती. ती औटकी होती. आबांना अक्षर येत नव्हते. हा पाढा त्यांना त्यांच्या वडिलांनी काठावर बसवून कानानेच दिला होता, कारण तेच त्यांचे घड्याळ होते. पाढा ठरलेल्या संथ लयीत एकदा म्हणून होईतो एक हात वात जळते. दोन हात वात, दोनदा पाढा. औट हात वात, साडेतीनदा. आणि सुरुंग वेळेवर उडाला नाही, तर मापाच्या दुप्पट थांबायचे आणि मगच माणूस उतरवायचा. या नियमावर तीन पिढ्या जगल्या होत्या.

*

एके सकाळी आईला अंथरुणावरून उठता येईना. अंग तव्यासारखे तापले होते.

"आज राहू द्या काम," ती म्हणाली.

पण मुकादम दारात उभा होता. "चार भोकं ठासून तयार आहेत, आणि राहू द्या? बायका काल एकमेकींच्या अंगावर धावल्या पाण्यासाठी. वात कापायला काय डिग्री लागते? पोरगी आहे की शिकलेली."

 आबांनी मुलीला मापाची काठी दिली. बरोबर एक हात लांबीची, मध्यभागी अर्ध्याची खाच असलेली; तीन पिढ्यांच्या मुठींनी ती काळी आणि गुळगुळीत झाली होती.

काठावर रहाट करकरत होता. दोन मजूर शेवटच्या खडीची पाटी वर ओढत होते. आबा कडेला बसले. भाऊ खाली पोचला होता. त्याच्या खाकरण्याचा आवाज भिंतींवरून फिरत वर येत होता.

"लिहून घे," आबा म्हणाले. "खाली कपारीकडची दोन. मधली अडीच. रहाटाखालची तीन. कोपऱ्यातली औट."

मुलीने खडूने दगडावर लिहिले: २, २.५, ३, ८.

आठाकडे पाहून तिचा हात थांबला. का, हा प्रश्न विचारायला ती शिकली होती. तिने तो विचारला.

"आबा, कोपऱ्यातली एवढी लांब का?"

"असू दे लांब. ती आधी पेटवून त्याला बाकीच्या तिन्हींकडे लंगडत जायचंय, गुडघा बघितलास ना? शिवाय त्या भोकात दारू जास्त आहे. ते शेवटी उडालेलं बरं."

कारण पटण्यासारखे होते. तिने काठी ठेवून मोजले. तिला औट हा शब्द ठाऊक नव्हता, आणि न ठाऊक असलेला शब्द कोणाच्याच कानाला ऐकू येत नाही. कान त्या जागी आपल्याकडचा जवळचा शब्द बसवतो. एक, दोन, तीन, असे मनाशी मोजून तिने बरोबर आठ हात वात कापली; सुताइतकीही चूक केली नाही. चारही वातींची वेटोळी टोपलीत ठेवून खाली सोडताना ती काठावरून वाकून ओरडली, "दादा, मोठं वेटोळं कोपऱ्यातलं! आठ!"

शेजारी बसलेल्या आबांनी मान हलवली. त्यांनी औट ऐकले होते.

खालून भावाचा आवाज आला. "ही वात आहे का दोरखंड, बाईसाहेब? म्हशी बांधायच्यात?"

"आबांनी सांगितलीय!"

"मग बरोबर आहे. म्हातारा लाड करतोय माझे."

आबांनी ते ऐकले. "गप काम कर," ते म्हणाले, पण त्यांच्या तोंडावर हसू होते.

चारी वाती पेटवून भाऊ वर आला. शेवटच्या तीन कड्या त्याने हातांवर तोलून पार केल्या. सुजलेला पाय नुसता लोंबत होता. सगळे मागे सरले. पहिली वात पेटल्याची हाक वर आली तेव्हापासूनच आबांचे ओठ हलत होते. पहिला सुरुंग उडाला. थोड्या वेळाने दुसरा, मग तिसरा. विहिरीच्या तोंडातून निघालेल्या धुराचा खांब वाऱ्यावर वाकला.

चौथा उडाला नाही.

बायका उठल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

"हुकला," मुकादम म्हणाला. "ओल लागली असेल. जा रे, बघून ये."

आबांनी ओठ न थांबवता हात वर केला. नाही.

"अहो, दुपार झाली. किती वेळ—"

"दुप्पट होऊ दे," आबा म्हणाले, आणि लय जिथे सुटली तिथेच पुन्हा धरली.

भाऊ बहिणीशेजारी उकिडवा बसला होता. ऊन इतके होते की दगडाला हात लावता येत नव्हता. वात आठ हातांची आहे हे तिला ठाऊक होते. आबांनाही ठाऊक आहे, कारण त्यांनीच सांगितली, असे ती समजत होती. वात लांबलचक आहे हे भावाने पाहिले होते. किती लांब ते आबा जाणतात, असे तो समजत होता. प्रत्येकाचा दुसऱ्यावर पूर्ण विश्वास होता.

सातव्यांदा पाढा संपला. आबांनी डोळे उघडले.

"झालं दुप्पट. उतर. सांभाळून."

"पाणी लागलं तर पहिला घोट माझा," भाऊ बहिणीला म्हणाला, आणि कडीवर पाय ठेवला.

आबांचे ओठ सवयीने हलत राहिले होते. आठव्यांदा म्हणताना ते शेवटच्या ओळीशी, दहा औट पस्तीसशी आले, तेव्हा भाऊ तळाशी पोचला होता आणि वाकून कोपऱ्यात पाहत होता.

त्या सुरुंगाने झरा मोकळा झाला. भावाला दोर बांधून वर काढले तेव्हा त्याचे कपडे भिजलेले होते.

*

आई अंथरुणावरून धावत आली होती आणि काठावरच कोसळली होती. संध्याकाळी ती सावध झाली. तिने मुलीला जवळ ओढले.

"कोपऱ्यातली किती कापली होतीस?"

"आबांनी सांगितली तेवढीच. आठ."

आई तिच्याकडे पाहत राहिली. खड्ड्यावरची सगळी बोली तिच्या पंचवीस वर्षांत अंगवळणी पडलेली होती. "आठ?" ती म्हणाली. "अगं, औ—"

भिंतीला टेकून बसलेले आबा चाचपडत पुढे आले आणि त्यांनी आईच्या तोंडावर हात ठेवला. दगडाने फाटलेला, बोटे आखडलेला तो हात बराच वेळ तिथेच राहिला. मुलीला वाटले, ते आईचे रडे थांबवीत आहेत.

ती पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा ते इतकेच म्हणाले, "एक गेलं. दुसरं जिवंत राहू दे."

तिसऱ्या दिवशी अधिकारी आला. शाळेला सुट्टी होती, म्हणून चौकशीसाठी तिसरीचाच वर्ग उघडला. भिंतीवर वर्तुळांचे तक्ते होते. लहान मुलांच्या बाकावर अधिकारी आणि कारकून गुडघे वर करून बसले. आबांना समोर उभे केले. मुलगी दारात होती.

"वात कोणी कापली?"

"मी."

"तुम्हाला तर दिसत नाही."

"हातांना दिसतं, साहेब."

मुलगी पुढे झाली. "साहेब, वात मी—"

"तू बाहेर हो!" आबा ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच ते तिच्यावर ओरडत होते. "बाईमाणसाचं काय काम इथं? साहेब, भाऊ गेलाय तिचा, डोकं ठिकाणावर नाही. मुकादमाला विचारा."

मुकादमाने खाली पाहिले. वात मुलीने कापावी हे त्याचेच म्हणणे होते, आणि तेही कागदावर आले असते. "म्हाताऱ्यानंच कापली," तो म्हणाला.

मुलगी दाराबाहेर गेली. तिला पत्रातली शेवटची ओळ आठवली. आठवली याची तिला लाज वाटली. आणि ती गप्प राहिली.

"किती हात होती?" आतून आवाज येत होता.

"आठ."

"आणि पोराला उतरवलं केव्हा?"

"सात जळाल्यावर."

कारकुनाची लेखणी थांबली. अधिकाऱ्याने चष्मा काढला.

"आठ हात वात लावायची, आणि सातला माणूस उतरवायचा! बाबा, दहापर्यंत तरी मोजता येतं का तुम्हाला?"

 ज्याने चाळीस वर्षे एकाही माणसाला अर्धा पळ आधी उतरवले नव्हते, तो वर्तुळांच्या तक्त्यांसमोर उभा होता.

"नाही, साहेब," आबा म्हणाले. "नाही येत."

कारकुनाने तसे लिहिले, वाचून दाखवले, आणि त्यांचा अंगठा घेतला. सुरुंगाचा परवाना तिथेच जमा करून घेतला.

*

मुलगी ठरल्या दिवशी रुजू झाली. गाव तिला बाई म्हणू लागले. विहिरीला पाणी होते. बायका ते नेत, पण तिच्या आईशी बोलताना नजर दुसरीकडे ठेवीत.

घरात बोलणे उरले नव्हते. आबा अंगणात बसून अंदाजाने दोर वळत. एकदा मुलांच्या वह्या तपासता तपासता ती अचानक म्हणाली, "सात आणि आठ यांतला फरक कळायला शाळा लागत नाही, आबा."

आईच्या हातून भांडे पडले.

"हं," आबा म्हणाले. त्यांनी दोराला आणखी एक पीळ दिला.

त्या बोलण्याने ती हलकी झाली नाही, पण कठोर झाली. ती वर्गात जीव ओतून शिकवी. एकही मूल न समजता पुढे जाता कामा नये. अडाण्याच्या हातात कोणाचा जीव पडता कामा नये. तिच्या वर्गाचा निकाल तालुक्यात पहिला आला. ती पुन्हा पुन्हा विचारी, का? सांगा, का?

एके दिवशी तिने फळ्यावर मोठे वर्तुळ काढले आणि आत काहीच काढले नाही. "हा रिक्त संच. यात एकही घटक नाही."

"बाई, विहीर!" एक मूल ओरडले.

तिने खडू खाली ठेवला. त्या दिवशी गणिताचा तास झाला नाही.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस नवे परिपत्रक आले. संच ही संकल्पना लहान वयात अनावश्यक असल्याचे तज्ज्ञांच्या निदर्शनास आले होते. पुढील वर्षापासून ती वगळण्यात येत होती. तिच्या जागी काड्यांच्या जुड्या आणि मणी येणार होते. जुने तक्ते उतरवून ठेवावेत. ज्याच्यासाठी फळा पुसला गेला होता, तेही चौदा वर्षांत पुसले गेले. जे त्याआधी पुसले होते, ते परत आणण्याविषयी परिपत्रकात एक अक्षर नव्हते. ते कोणाला आठवतच नव्हते. गुरुजीही चार वर्षांपूर्वी वारले होते.

शाळा सुटायला अर्धा तास होता. तिने वर्तुळांचे तक्ते गुंडाळले, स्टुलावर चढून कपाटावर ठेवायला गेली, तर मागे काहीतरी अडले. धुळीने जड झालेली एक गुंडाळी होती. सुतळी हात लावताच तुटली.

"काय आहे, बाई?"

"जुने पाढे आहेत." तिने तक्ता टेबलावर उलगडला. मुले गोळा झाली. पावकी, निमकी, पाऊणकी. पाहता पाहता तिला सगळा नाद आठवला. ती गालांतल्या गालांत हसली. अडीचकीवरून बोट पुढे सरकले. पुढे आणखी एक रकाना होता. तिथवर त्यांचा वर्ग कधी पोचलाच नव्हता.

ती मोठ्याने वाचू लागली. "औटकी. एक औट साडेतीन. दोन औट सात."

"बाई, आठ?" पुढच्या ओळीतल्या मुलीने विचारले. "दोन आठ सात कसे होतील?"

"आठ नाही गं. औट—"

तिचे बोट सातावर होते. ते तिथून उचलेना.

औट. कोपऱ्यातली औट. दोन औट सात. झालं दुप्पट, उतर. ओठांतल्या ओठांतली ती प्रार्थना, तिची लय, शब्दन्‌शब्द तिला आता ऐकू येत होता. आबांनी आठ सांगितली नव्हती. आबांचे मोजणे चुकले नव्हते. काठीच्या एका लांबीनेसुद्धा नाही.

"बाई, सांगा ना. का?"

तिने मुलांना घरी जायला सांगितले.

*

आबा अंगणात दोर वळत होते. आई माळ्यावरचे सरपण काढत होती. ऊन उतरले होते.

मुलगी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात तक्ता होता, आणि त्याचा कागद वाऱ्याने फडफडत होता.

"लवकर सुटली शाळा?" आबांनी विचारले.

"आबा," ती म्हणाली. "औट म्हणजे साडेतीन."

दोर थांबला. आतले सरपणाचे आवाजही थांबले.

"कोणी सांगितलं?"

"का नाही बोललात तुम्ही? कागदावर अंगठा दिलात. मी त्या दिवशी तुम्हाला काय काय बोलले—"

"काय बोललीस? मी विसरलो."

"मी कापली आठ. मी मारलं त्याला."

"तू मापाप्रमाणे कापलीस," आबा म्हणाले. "शिकवलं नव्हतं तुला कोणी. मीसुद्धा नाही. म्हटलं, पोरगी शिकतेय मोठं काहीतरी. हा खड्ड्यातला पाढा तिला कशाला?" त्यांनी दोराचे टोक चाचपून शोधले. "खाली बस. उभ्यानं बोलू नकोस."

ती खाली मातीत बसली.  मग तिने तक्ता त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांना तो दिसत नव्हता. त्यांनी कागदावरून हात फिरवला.

"मी पोरांना शिकवणार," ती म्हणाली. "कोणी काही म्हणो. पण मला चाल येत नाही. नुसतं वाचून येत नाही ते. तुम्ही शाळेत या. एकदा म्हणून दाखवा."

"मला मोजता येत नाही," आबा म्हणाले. "सरकारी कागद आहे तसा."

"आबा."

"त्याच खोलीत लिहिलंय ते. तिथं नाही मी येणार."

"मग इथं म्हणा. मला एकटीला शिकवा."

आई दारात येऊन उभी राहिली होती. आबांनी दोर बाजूला ठेवला आणि पाठ सरळ केली. डोळे मिटले. लय धरण्यासाठी त्यांनी बोटाने जमिनीवर ठोका दिला; एक, मग तेवढ्याच अंतराने दुसरा.

"एक औट औट," ते म्हणाले.

"एक औट औट," ती म्हणाली.

"दोन औट—"

बोटाचे ठोके पडत राहिले. ओठ उघडे होते, पण शब्द बाहेर येईना. तीन ठोके गेले, चार गेले. चौकशीच्या दिवसानंतर तो आकडा त्यांच्या तोंडून निघालेला नव्हता, हे तिला तेव्हा कळले.

तिने त्यांचे बोट धरून थांबवले.

"सात," ती म्हणाली.

त्यापुढचा पाढा त्या दिवशी कोणी म्हटला नाही.